खेळण्याची वाट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राविषयी काही सांगायला जाणे म्हणजे आगाऊपणाच. पण आपल्या पाठीशी एक डोंगर उभा आहे, याची आठवण मात्र आपल्याला बेताचीच असते. ज्येष्ठाच्या अखेरीस ढग तिकडे अडले म्हणजे, किंवा मुंबई-कोल्हापूरकडे जाताना एस. टी. घाटात हिसके देऊ लागली म्हणजे, तेवढ्यापुरता सह्याद्री आपल्याला आठवतो. वाचकहो, आज मी आपल्याला त्या डोंगरावर चढवून नेणार आहे. गाडीने नव्हे, पायी. आणि आजच्या वाटेने जाता जाता साडेपाचशे वर्षे मागे.

हा डोंगर म्हणजे खेळणा. शिवाजीमहाराजांनी ज्याला विशाळगड हे नाव दिले, तो. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूवाडी तालुक्यात मोडतो आणि बहुतेक मंडळी मलकापूर-आंब्याकडून वाहनाने जाऊन तो पाहून येतात. त्यात काही चूक नाही. पण खेळण्याला दोन अंगे आहेत, एक देशाकडचे आणि एक कोकणाकडचे. देशाकडच्या अंगाने पठारावरून चालत चालत गडाशी येता येते. कोकणाकडच्या अंगाला मात्र तळापासून माथ्यापर्यंत चढल्यावाचून सुटका नाही.

लांजा तालुक्याच्या पूर्व टोकाला प्रभानवल्ली नावाचे गाव आहे. आदिलशाहीत आणि पुढे शिवकाळात हे लहानसहान ठिकाण नव्हते. जुन्या कागदांत जो सुभा प्रभावळी येतो, तो याच गावाच्या नावाचा. तिथून खोरनिनकोला यायचे आणि मुचकुंदी नदीच्या अंगाअंगाने वर माचाळला चढायचे. खाली आपला ओळखीचा तांबडा जांभा असतो. तो संपतो आणि काळ्या कातळाचा डोंगर लागतो. झाडी दाट, उजेड कमी, आणि वाटेला ठिकठिकाणी फाटे. यातले अर्धे फाटे गुरांचे, म्हणजे कुठेच न जाणारे. माचाळ हे गाव अगदी वर, पठारावर. पावसाळ्यात ते दिवसेंदिवस ढगात असते. पाऊस आडवा येतो म्हणून तिथल्या जुन्या घरांची छपरे पार भिंतींखाली उतरलेली असत. जवळच मुचकुंद ऋषींची म्हणून दाखवतात ती गुहा आहे, आणि समोर, मध्ये एक खोल दरी टाकून, विशाळगड. दरीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर आपण येतो, ते असे हप्त्याहप्त्याने.

आता या चढणीचा इतिहास पाहू.

पहिली मोठी हकीकत १४५३ च्या सुमाराची आहे. बिदरच्या तख्तावर अलाउद्दीन अहमदशहा बहमनी होता. कोकणातले राजे खंडणी देईनात, म्हणून त्याने मलिक-उत्-तुज्जार या सरदाराला पाठवले. मलिक-उत्-तुज्जार म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य. हा किताब, माणसाचे नाव खलफ हसन, राहणारा मूळचा बसऱ्याचा. त्याने चाकणला ठाणे घातले, काही गड घेतले आणि शिर्क्यांपैकी एका राजाला कोंडीत धरले. धर्म सोड, नाहीतर मर, असा पेच त्याने टाकला. शिर्के म्हणाला, माझी हरकत नाही. पण खेळण्याचा शंकरराय माझा प्रतिस्पर्धी. मी बाटलो आणि तो तसाच राहिला, तर तो मला हिणवील आणि माझी माणसे फोडील. तेव्हा आधी त्याचा समाचार घ्या, मग मी तुमचाच. मलिकने शंका काढली की तिकडची वाट फार बिकट आहे म्हणतात. शिर्के म्हणाला, मी आहे ना वाट दाखवायला!

पुढे काय झाले हे फेरिश्त्याने आपल्या तवारिखेत सविस्तर सांगितले आहे. पहिले दोन दिवस शिर्क्याने फौजेला चांगल्या रुंद वाटेने नेले. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांना अशा रानात घातले की दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येईना आणि तंबू ठोकायला सपाट जागा मिळेना. मलिक स्वतः हगवणीने आजारी पडला होता. फौज जंगलात दाणे सांडावेत तशी विखुरली. रात्री शिर्क्याने शंकररायाला निरोप धाडला आणि खेळण्याची माणसे चारी बाजूंनी तुटून पडली. मलिक-उत्-तुज्जार तिथेच मारला गेला, त्याच्याबरोबर असंख्य लोक.

फेरिश्त्याने याला सरळ दगाबाजी म्हटले आहे. तो इराणातल्या अस्त्राबादचा, विजापूरच्या दरबारात राहून दीडशे वर्षांनंतर लिहिणारा. मेलेल्यांत त्याच्यासारखे परदेशी सरदार पुष्कळ होते, त्यामुळे त्याचे मन कुणीकडे असणार हे उघड आहे. आपण दुसऱ्या बाजूने पाहू. ज्याच्या मानेवर तलवार आहे त्याच्याजवळ हत्यार कोणते उरले होते? फौज नव्हती, किल्ला गेला होता. उरली होती ती वाटेची माहिती. ती त्याने वापरली. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, की शिर्क्याला हुतात्मा करण्याचे कारण नाही आणि हरामखोर म्हणण्याचेही नाही. त्याने आपल्या डोंगराचा हिशेब ओळखला होता एवढे खरे.

तो हिशेब दुसऱ्या एका माणसानेही ओळखला. बहमनी वजीर महमूद गवान १४६९ साली कोकणच्या मोहिमेवर निघाला. शहाणा माणूस, बिदरचा तो प्रसिद्ध मदरसा बांधणारा. मलिक-उत्-तुज्जारचे काय झाले हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने वाटाड्यावर विश्वास टाकलाच नाही. खेळण्याभोवतीचे रान त्याने तोडायला आणि जाळायला लावले. म्हणजे वाट विचारायची नाही, डोंगरच उघडा करायचा! यात महिने गेले; पावसाळा लागला तसा तो कोल्हापूरला मागे सरला आणि उघडीप झाल्यावर पुन्हा आला. शेवटी खेळणा त्याच्या हाती आला तो पैसा आणि मुत्सद्देगिरी यांच्या जोरावर. १४७२ मध्ये त्याने गोवेही घेतले. पण एक किल्ला घ्यायला वजिराला रान जाळावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला तिची गरज लागणार आहे.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे मी एका वाक्यात ओलांडतो. बहमनी राज्य फुटले, आदिलशाही आली, आणि नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखानाच्या वधानंतर लगोलग, शिवाजीमहाराजांनी खेळणा घेतला.

१६६० ची गोष्ट महाराष्ट्रात लहान मुलालाही पाठ आहे. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि गोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. (बंदरावरून निघालेला तो तोफगोळाही कुठल्या तरी घाटाने, कुणाच्या तरी बैलांवर किंवा खांद्यांवर चढला असणार. राजापूरला याची किंमत पुढच्याच वर्षी मोजावी लागली.) १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसे पडली. हे सारे सांगायला माझी गरज नाही. मला आपले लक्ष वेधायचे आहे ते दोन गोष्टींकडे.

पहिली गोष्ट, बांदल हे हिरडस मावळचे, म्हणजे भोरकडचे. डोंगराची त्यांना सवय होती, पण हा डोंगर काही त्यांच्या घरचा नव्हता. आषाढातली रात्र, वर ढग, खाली चिखल, पाठीवर शत्रूचे घोडेस्वार. मसाईच्या पठारावर धुके उतरले म्हणजे दिवसाउजेडी माणूस स्वतःभोवती फिरत राहतो. तरी पालखीसकट हा जमाव चुकला नाही. कोणीतरी पुढे चालत होते. आधी येऊन वाट हेरणारे हेर असतील, त्या मुलखातले धनगर असतील, कुणी असतील. बाजीप्रभूंचे नाव राहिले, आणि ते राहायलाच हवे होते. पुढे चालणाऱ्याचे नाव कुठेही नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला थोडी झोंबणारी आहे. महाराज विशाळगडाच्या पायथ्याशी आले तेव्हा गडाला आधीच वेढा पडलेला होता. कोणाचा? शृंगारपूरचा सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचा जसवंतराव दळवी यांचा. दोघेही कोकणातले, दोघेही आदिलशाहीचे चाकर. इथल्या वाटा जाणणारी माणसे दोन्ही बाजूंना होती. तो वेढा कापून महाराजांना गड गाठावा लागला. पुढच्या वर्षी त्यांनी पालवणी आणि शृंगारपूर दोन्ही घेतले.

१६८९ ची हकीकत सांगताना जीभ अडखळते. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला संगमेश्वरला संभाजीमहाराज पकडले गेले. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने आला होता. तो नेमका कोणत्या घाटाने उतरला याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण थोड्या माणसांनिशी, वेगाने, अडचणीच्या वाटेने तो आला याविषयी दुमत नाही. कोणी बातमी दिली, कोणी फितुरी केली यावर आपल्याकडे शाई पुष्कळ सांडली आहे. शिर्के मंडळींवर आळ येतो, त्यांचे वंशज तो नाकारतात. ते प्रकरण मी इथे उघडत नाही. एवढेच म्हणतो, की सह्याद्री हा काही आपोआप राखण करणारा तट नव्हे. त्याला दारे आहेत, आणि ती उघडतात.

आता औरंगजेब. या डोंगराच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे प्रकरण.

१७०१ साली बादशहाचे वय ऐंशीच्या वर गेलेले. पन्हाळा घेऊन झाला होता. वर्षअखेर त्याने खेळण्याकडे मोर्चा वळवला. फौज मलकापूरकडून निघाली आणि आंब्याच्या घाटापाशी येऊन थबकली. हत्ती, तोफा, उंट, बाजारबुणगे, जनाना. एवढा पसारा पायवाटेवर कसा जायचा? फत्तेउल्लाखानाने बेलदार आणि मजूर लावून खडक फोडले, झाडे तोडली, मोठ्या कष्टाने रस्ता केला. पहा, सव्वादोनशे वर्षांपूर्वी महमूद गवानाने केले तेच! वाट माहीत नसेल तर डोंगर फोडायचा, हाच राजदरबारचा उपाय.

डिसेंबरअखेर वेढा पडला. गडावर परशुराम त्रिंबक प्रतिनिधी होते. देशाच्या अंगाने महिनोन्महिने तोफा चालल्या, पण काम होईना. तेव्हा आपल्या अंगाने, कोकण दरवाजाच्या बाजूने, मोगलांनी जोर लावला. मे महिन्यात त्या दरवाजावर जो हल्ला झाला त्यात आंबेरच्या राजाचे रजपूत पुढे होते. हा राजा कोण? सवाई जयसिंग. ज्याने पुढे १७२७ मध्ये जयपूर शहर वसवले आणि ज्याच्या वेधशाळा पाहायला आपण दिल्लीला, जयपूरला जातो, तोच. त्या वेळी त्याचे वय होते अवघे तेरा वर्षांचे! आकाशातल्या ताऱ्यांचे गणित मांडणाऱ्या त्या माणसाने पोरवयात खेळण्याचा कोकण कडा पाहिला होता. पुस्तकात वाचून मी अनेकदा त्या बाजूला उभा राहिलो आहे, आणि दर वेळी या पोराचीच आठवण झाली आहे.

तरीही गड लढून पडला नाही. पाऊस डोक्यावर आला. शहाजादा बेदारबख्त याने बोलणी लावली, दोन लाख रुपये दिले, आणि ७ जून १७०२ रोजी परशुरामपंतांनी गड सोडला. इतक्या मोठ्या बादशहाने सहा महिने खर्ची घातले आणि शेवटी गड विकतच घेतला. गडाला त्याने नवे नाव दिले, सखरलना. ते कोणाच्याच तोंडी बसले नाही.

आणि मग सुरू झाला परतीचा प्रवास. १० जूनला बादशाही छावणी हलली. मृगाचे दिवस. ओढ्यांना पूर, चिखलात हत्तींचे पाय रुतलेले, ओझ्याची जनावरे मेलेली, तंबू वाहून गेलेले. कधी एक ओढा ओलांडायला कित्येक दिवस. धान्य मिळेना. पन्हाळ्याच्या पायथ्याशी छावणी पोचली ती १७ जुलैला. अंतर जदुनाथ सरकारांनी तीस मैलांचे दिले आहे. आपण वाटेची वळणे धरून चाळीस म्हणू. दिवस लागले अडतीस.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १६६० चा जुलै आणि १७०२ चा जून-जुलै. मुलूख तोच, ऋतू तोच, गड तेच दोन, फक्त दिशा उलटी. एका जमावाला एक रात्र आणि एक दिवस पुरला. दुसऱ्याला अडतीस दिवस. बादशहाजवळ काय कमी होते? माणसे होती, पैसा होता, बेलदार होते. इतक्या पसाऱ्याला डोंगरातून जायला वाटच नव्हती, ही त्याची अडचण. आणि वाट दाखवणारा माणूस त्याच्या पसाऱ्याला उपयोगी पडणार नव्हता. औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि त्याच सुमारास गड पुन्हा मराठ्यांकडे आला.

आपल्याला वाटेल, हे सारे सह्याद्रीचेच वैशिष्ट्य. तसे नाही. पॅसिफिक महासागरात ताहिती नावाचे बेट आहे. आपल्यासारखीच दमट हवा, किनाऱ्यावर माड, आणि मागे एकदम उभा राहिलेला डोंगर. सर्वांत उंच शिखर सात हजार फुटांहून वर. तोही आपल्यासारखाच लाव्हाचा काळा दगड. फरक एवढाच की आपला सह्याद्री सहासाडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, आणि तो दहा-पंधरा लाख वर्षांचे पोर. फ्रेंचांनी १८४२ मध्ये या बेटावर संरक्षणाच्या नावाखाली सत्ता बसवली. लोक बिथरले आणि डोंगरात शिरले. पापेएते बंदराच्या मागे फाउताउआ नावाच्या घळीत त्यांनी उंचावर तट घातला. खालून वर जाणारी वाट एकच, आणि ती वरच्यांच्या माऱ्यात. फ्रेंच गलबतांच्या तोफा तिथे काय करणार? डिसेंबर १८४६ मध्ये मैरोतो नावाचा एक माणूस फ्रेंचांना मिळाला. तो रापा नावाच्या दुसऱ्याच बेटाचा, पण ताहितीचे कडे त्याच्या पायाखालचे. त्याने साठएक शिपाई तटाच्या मागच्या कड्याने दोरांच्या साहाय्याने वर चढवले. वरून माणसे उतरताना दिसली आणि झुंज संपली, त्याबरोबर बेटाचे स्वातंत्र्यही संपले.

आपल्याकडे त्याच्या दोनच वर्षे आधी, १८४४ मध्ये, कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांनी बंड केले. गडावर पिढ्यान्पिढ्या राखण करणारे हे लोक. त्यांचे हक्क काढून घ्यायला सुरुवात झाली तसे ते उठले. सामानगडावरून ठिणगी पडली, विशाळगडही त्यात होता. इंग्रजांनी बंड मोडले आणि मग किल्ल्यांचे तट पाडले. तट पाडून त्यांचे समाधान झाले, पण गड निकामी झाला तो रस्त्यामुळे. आंबा घाटातून चाकाची गाडी जाऊ लागली आणि डोंगर कसा चढायचा हे माचाळच्या माणसाला विचारण्याची कुणाला गरजच उरली नाही. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे आणि गूळ-धान्य खाली यायचे ते पूर्वी माणसांच्या डोक्यांवरून आणि बैलांच्या पाठींवरून. तो सारा व्यवहार एका सडकेवर गोळा झाला. बाकीच्या वाटांवर गवत वाढले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदले. त्यात पन्हाळा आहे, आपला सुवर्णदुर्ग आहे. विशाळगड नाही. त्याचे मला तितके वाईट वाटत नाही. पण किल्ला म्हणजे तटबंदी, बुरूज आणि दरवाजा अशीच आपली समजूत झाली आहे, तिला खेळण्याचा इतिहास जुळत नाही. इथे तट दुय्यम. वाटा हाच किल्ला, आणि त्या वाटा कोणत्याही यादीत येत नाहीत. दर पावसाळ्यात हजारो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात, त्यामुळे ती एक वाट तरी जिवंत राहिली. कोकणाकडची वाट चालायला तेवढी माणसे नाहीत. माचाळला आता गाडीरस्ता पोचला आहे. याचा आनंदच मानला पाहिजे. आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून डोंगर उतरवणे म्हणजे काय असते, हे ज्याने केले आहे त्याला विचारावे. जुन्या वाटेच्या प्रेमापोटी त्याला पुन्हा खांदा द्यायला सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण रस्ता झाला की दहा वर्षांत पायवाट बुजते, हेही तितकेच खरे. आज गावात पन्नाशीच्या पुढची जी मंडळी आहेत त्यांना ओढा कुठे ओलांडायचा, फाट्यातला खरा कुठला हे ठाऊक आहे. त्यांच्या मुलांपैकी बरीचशी मुंबईला आहेत.

तेव्हा कोणाला जायचे असेल तर लवकर जावे. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस चांगले. पावसात जाऊ नये. दगड निसरडे असतात, ओढे फुगतात, आणि जळवा पायांना विचारत नाहीत. पहाटे खोरनिनकोतून निघावे, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी, आणि मुख्य म्हणजे गावातला एक जाणता माणूस बरोबर घ्यावा. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी. चढताना त्याला प्रत्येक वळणाचे, ओढ्याचे, टेपाचे नाव विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी, आणि तिच्याखाली त्याचे स्वतःचे नाव.